सात जणी आल्या तर सामना सुरू होतो

(देवपूर, धुळे येथील एका महाविद्यालयात मुलींच्या फुटबॉल संघाच्या हंगामाच्या प्रारंभी पालक आणि खेळाडूंचा मेळावा झाला. त्या वेळी एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



माझा परिचय करून देताना एक गोष्ट सांगायची राहून गेली. मी आयुष्यात कधीही फुटबॉल खेळलेलो नाही. कला शाखेचा विद्यार्थी होतो. राजवाडे संशोधन मंडळाच्या पायऱ्या चढणे आणि संध्याकाळी पांझरेच्या पुलावरून देवपुरात परत येणे, एवढाच माझा व्यायाम. पुढे वृत्तपत्रात आलो आणि खुर्चीला चिकटलो. तेव्हा चेंडू कसा मारावा हे मी सांगू लागलो, तर तुमच्यातली सर्वांत धाकटी मुलगीसुद्धा हसेल, आणि तिने हसावेच.

मला विषय दिला आहे तो ‘यंदा आपल्या संघाला कितपत आशा आहे?’ असा. प्रश्न सरळ आहे. समारंभात अशा प्रश्नाला ‘उज्ज्वल भवितव्य’ असे उत्तर द्यायचे आणि हार घेऊन घरी जायचे, असा आपल्याकडचा रिवाज आहे. तो मी आज पाळणार नाही. गेल्या आठवड्यात सलग चार संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिलो. काहींना वाटले असेल की हे कोणाचे तरी आजोबा मुलीला न्यायला आले आहेत. मी पाहत होतो आणि मोजत होतो. यादीत सोळा नावे आहेत. पहिल्या दिवशी मैदानावर नऊ जणी होत्या, दुसऱ्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून सहा आणि चौथ्या दिवशी पुन्हा नऊ.

फुटबॉलच्या नियमपुस्तकात एक तरतूद आहे. संघ अकरा जणांचा असतो हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दोहोंपैकी कोणत्याही संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच करता येत नाही, हे फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. सात जणी आल्या तर शिट्टी वाजेल. सहाच आल्या तर प्रतिस्पर्धी संघाला चाल मिळते आणि आपला संघ न खेळताच घरी येतो. आपल्या संघाच्या आशेचा विचार मला याच आकड्यापासून सुरू करावासा वाटतो. कौशल्य, डावपेच, बूट, गणवेश हे सगळे त्यानंतरचे. पावसाच्या दिवशी त्या मैदानावर सहा जणी होत्या.

पुढे जाण्यापूर्वी एक कबुली देतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका दैनिकात उपसंपादक होतो. रात्रपाळीला मुलींच्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची बातमी आली. एका शिक्षकांनी सुवाच्य अक्षरांत दोन पाने लिहून पाठवली होती आणि खाली सर्व खेळाडूंची नावे दिली होती. पानावर जागा कमी होती. मी ती बातमी दोन ओळींवर आणली, ‘अमुक महाविद्यालयाने तमुकचा पराभव केला’, आणि नावांवर काट मारली. तिसऱ्या दिवशी एक मुलगी वडिलांबरोबर कार्यालयात आली. तक्रार अशी काही नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘‘साहेब, यात माझे नाव कुठे आहे?’’ गावी आजोबांना कात्रण दाखवायचे, म्हणजे पुढच्या सामन्याला पाठवतील, असे तिचे गणित होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याच पानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मी सहा इंच जागा दिली होती. ती मुलगी पुढे खेळली की नाही हे मला माहीत नाही. आज इथे बोलायला येण्याचे मी लगेच कबूल केले, त्याचे हे एक कारण आहे.

मुलींनी फुटबॉल खेळावा की नाही, ही शंका आपल्याकडे घरोघरी निघते. आणि ती काढणाऱ्याला वाटते की पाश्चात्त्यांच्या मुली पहिल्यापासून खेळत आल्या, आपण तेवढे मागासलेले. इतिहास असे सांगत नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील पुरुष रणांगणावर गेले आणि कारखाने स्त्रियांनी चालविले. त्या कारखान्यांतून स्त्रियांचे फुटबॉल संघ उभे राहिले. प्रेस्टन येथील ‘डिक, कर’ कारखान्याचा संघ त्यांत सर्वांत गाजलेला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. ही बंदी तब्बल अर्धे शतक टिकली. १९७१ मध्ये ती उठली. जर्मन संघटनेने १९५५ मध्ये अशीच बंदी घातली आणि ती १९७० मध्ये मागे घेतली. ज्या ब्राझीलचे नाव फुटबॉलशी जोडल्याशिवाय घेताच येत नाही, त्या ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांना कायद्याने हा खेळ वर्ज्य होता.

आपल्याकडे अशी बंदी कोणी घातल्याचे मला आढळले नाही. आपण फक्त लक्ष दिले नाही. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशातील सुलतानपूर येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. म्हणजे जर्मनीतली बंदी उठून पाच वर्षे झाली होती आणि ब्राझीलमधली अजून चालू होती, तेव्हा सुलतानपुरात आपल्या मुली खेळत होत्या. १९८० मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता ठरला, १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. बंगालच्या शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमध्ये तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. इथे बसलेल्या पालकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? हात वर करू नका, मी तुम्हाला अडचणीत आणत नाही. मीही हे फार उशिरा वाचले.

त्यानंतर घसरण झाली. संघटनांचे व्यवहार, पैशाची टंचाई, वर्षानुवर्षे सामनेच नाहीत. २००९ मध्ये तर अशी वेळ आली की आंतरराष्ट्रीय सामने न खेळल्यामुळे जागतिक क्रमवारीतून भारतीय महिला संघाचे नावच वगळले गेले. हरल्यामुळे क्रमांक खाली जातो, न खेळल्यामुळे नाव जाते. मघाशी सांगितलेल्या सात जणींच्या नियमाचीच ही राष्ट्रीय आवृत्ती म्हणा ना!

तो संघ परत आला. २०१६-१७ पासून महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. मणिपूरच्या बेंबेम देवी यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. २०२२ मध्ये आशिया चषक आपल्याच महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. परंतु इराणबरोबरचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटल्यावर संघात करोनाची लागण झाली, संघ उभा करण्याइतक्या खेळाडू उरल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. घरच्या अंगणात मांडव घालून यजमानानेच पंगतीतून उठावे, तसे झाले. मग ५ जुलै २०२५ हा दिवस आला. थायलंडमधील चिआंग माई येथे, थायलंडच्याच प्रेक्षकांसमोर, भारताने थायलंडला २-१ असे हरवले. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर यांचे. पात्रता फेरी खेळून, स्वतःच्या बळावर, भारतीय महिला संघाने आशिया चषकाचे दार उघडले ते प्रथमच. १९८३ च्या अंतिम फेरीत याच थायलंडकडून आपण हरलो होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीची आहे, म्हणून सांगतो. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाला २०२३ पासून राजमाता जिजाबाईंचे नाव दिले आहे. मणिपूरच्या, ओडिशाच्या, तमिळनाडूच्या मुली जिजाऊंच्या नावाच्या चषकासाठी झुंजतात. जिजाऊंच्या महाराष्ट्राने त्या चषकाकडे कोणत्या नात्याने पाहायचे, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

स्वामी विवेकानंदांचे फुटबॉलविषयीचे उद्गार असे कार्यक्रम झाले की हटकून ऐकवले जातात. गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, अशा अर्थाचे. १८९७ मध्ये मद्रासच्या व्याख्यानात ते बोलले. अर्धेच वाक्य उचलले की गैरसमज होतो. त्यांचे पुढचे म्हणणे असे की दंडात बळ आले, पायांवर ताठ उभे राहता आले, म्हणजे गीताही अधिक चांगली कळेल. समोर तरुण मुलगे होते, म्हणून ते मुलग्यांना उद्देशून होते. स्नायूंना लिंग कळत नाही, एवढेच मी माझ्या पदरचे जोडतो.

आता हंगामाकडे येऊ.

महाविद्यालयीन फुटबॉलचा विषय निघाला की अमेरिकेचे उदाहरण टाळता येत नाही, कारण तिथे मुलींचा फुटबॉल महाविद्यालयांनीच घडविला. १९७२ मध्ये तिथे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलामुलींत भेदभाव करता येणार नाही, असा त्याचा आशय. कायद्याचा हेतू शिक्षणाचा होता, परंतु मैदानेही शिक्षणाचाच भाग ठरली. १९८२ मध्ये महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघाने ती वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षक होते याच विद्यापीठाचे ॲन्सन डॉरन्स. आठ वर्षांनी, १९९९ च्या अंतिम सामन्याला कॅलिफोर्नियात ९० हजारांवर प्रेक्षक होते. म्हणजे कायदा ते विश्वचषक हे अंतर १९ वर्षांचे. अमेरिकन मुली काही वेगळ्या हाडांच्या नव्हत्या. त्यांना मैदान मिळाले, वेळ मिळाला, आणि दरवर्षी मिळाला.

तिथला हंगामही ऑगस्टमध्ये सुरू होतो, जवळपास आपल्यासारखाच. आणि हंगामाच्या तोंडावर तिथेही हेच प्रश्न विचारले जातात: कोण पदवी घेऊन गेली, कोण नवीन आली, दुखापतीतून कोण सावरली, गोल कोण राखणार. तेच प्रश्न मी तुमच्या संघाला लावून पाहिले.

गेल्या वर्षीच्या पाच जणी पदवी घेऊन गेल्या. त्यांतली एक गोलरक्षक होती. हे मोठे नुकसान आहे, यात शंका नाही. गोलचौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते. घरातल्या दोन खोल्यांच्या भिंती शेजारी शेजारी ठेवल्या तर साधारण तेवढी रुंदी होईल. तिच्यापुढे एकटीने उभे राहायचे. सध्या तिथे आळीपाळीने दोघी उभ्या राहतात आणि दोघींनाही तिथे उभे राहायचे नाही, हे कडेला उभे राहून मला दिसले. सरांनाही ते दिसले असेलच. माझे अडाण्याचे मत असे की, तिसरीच एक मुलगी, जी खो-खो खेळून आली आहे आणि उजव्या बाजूने धावते, तिला एकदा चौकटीत उभी करून पाहावे. खांब गाठण्यासाठी जी मुलगी जमिनीला समांतर झेप घेते, तिला पडण्याचे भय उरलेले नसते. गोलरक्षकाचे निम्मे काम तेच आहे. मी चुकत असेन तर सरांनी मला चहाच्या वेळी सांगावे.

खो-खोचा विषय निघालाच आहे. फुटबॉलची परंपरा नाही म्हणून आपण खाली मान घालतो. परंतु खानदेशच्या मुलींच्या पायांत खो-खो आणि कबड्डी आहे. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला, अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवून, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. पाठलाग, हुलकावणी, एका पावलात दिशा बदलणे हे सारे त्या खेळात आहे आणि फुटबॉलमध्येही तेच लागते. तुमच्या संघात मी मोजल्या, सात जणी खो-खो किंवा कबड्डीतून आलेल्या आहेत. चेंडू पायाशी नसताना त्या सुरेख धावतात. चेंडू पायाशी आला की थांबून खाली पाहतात, आणि तेवढ्यात समोरची येते. ही उणीव सरावाने भरून निघणारी आहे. धावण्याची वृत्तीच नसती तर मात्र काही इलाज नव्हता.

मधल्या फळीत तुमची कर्णधार आहे. ती बोलते, आणि मोठ्याने बोलते. मैदानावर ओरडून मागणे करणे आपल्या मुलींना जमत नाही; घरी आवाज खाली ठेवण्याचे संस्कार झालेले असतात. बाकीच्या जणी चेंडू हवा असेल तर हात हलवतात. मुलींनो, पाठमोऱ्या मैत्रिणीला हात दिसत नाही. हाक मारा.

शेवटची वीस मिनिटे ही खरी काळजीची जागा आहे. सराव सामन्यात पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही तिन्ही बाजूंनी चढत होता. शेवटी शेवटी कमरेवर हात ठेवून उभ्या होता. याचे एक कारण मैदानाबाहेर, स्वयंपाकघरात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या अकरा जणींतल्या पाच-सहा जणींच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटक पुरेसा नसण्याचा संभव आहे. मग त्या दमल्या तर ‘हिला दम नाही’ असे आपण म्हणतो. हंगामाआधी प्रत्येकीच्या रक्ताची तपासणी व्हावी, असे मी प्राचार्यांना सुचवतो. खर्च किरकोळ आहे. शासकीय रुग्णालयातही ती होते.

आणि मातांना विनंती. महागडे डबे नकोत. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाणे, तीळ, गूळ, हे आपल्या घरात आहेच. त्यावर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा देऊ नका, त्याने उलटे होते. सरावाला येणारी मुलगी दुपारी दोन वाजता जेवते आणि सहा वाजता उपाशीपोटी धावते, असे मला दोघींनी सांगितले. भावाचा डबा भरताना जो हात सैल होतो, तो बहिणीच्या डब्यावर आखडू नये. हे बोलणे कोणाला टोचले तर क्षमा करा. श्रावणात कानबाईचे रोट होतील, पुढे नवरात्र येईल आणि एकवीरा देवीच्या दर्शनाला सारे देवपूर लोटेल. उपवास जरूर करा. पण त्याच दिवसांत सामना असेल तर निर्जळी उपवासाने मैदानात उतरू नका. घरच्या वडीलधाऱ्यांशी आधी बोला. ती आई आहे, समजून घेईल.

दुसरी काळजी गुडघ्याची. मुलींच्या गुडघ्यातील एक अस्थिबंध मुलांच्या तुलनेत दोन-तीन पटींनी अधिक तुटतो, हे वैद्यकशास्त्राने नोंदवले आहे. आपले मैदान काळ्या मातीचे. पाऊस पडला की बूट धरून ठेवते, उघडीप मिळाली की भेगाळते. पाय रुतलेला आणि अंग वळलेले, की गुडघा गेला. यावर एक उपाय सिद्ध झालेला आहे. जागतिक फुटबॉल संघटनेच्या वैद्यकीय केंद्राने तयार केलेला वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम आहे, ‘इलेव्हन प्लस’ नावाचा. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याची परीक्षा झाली. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमित व्यायाम करणाऱ्या मुलींमध्ये दुखापती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती त्याहूनही कमी. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. मी चार दिवस पाहिले, तुम्ही मैदानाला दोन फेऱ्या मारता आणि थेट चेंडू घेता. त्या दोन फेऱ्यांच्या जागी ही वीस मिनिटे आली, तर ऑक्टोबरमध्येही तुमच्याकडे अकरा जणी उभ्या असतील.

बुटांचे मी विचारणार होतो. तिघींकडे नाहीत. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून ढाल जिंकली, तेव्हा एक खेळाडू सोडला तर सारे अनवाणी होते, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. सांगावी. परंतु तिचा आधार घेऊन आज कोणा मुलीला अनवाणी खेळवू नये. इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी तिघांनी उठताना सरांना भेटावे, एवढे पुरे.

मग आशा किती? स्पर्धेची रचना पाहा. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे गोवा, मुंबई, पुणे यांच्यासारखी, जिथे फुटबॉल मुरलेला आहे अशा शहरांची विद्यापीठे समोर येतात. माझा अंदाज असा. विभागात तुम्ही जिंकू शकता, कारण तुमच्यापेक्षा वेगाने धावणारा संघ तिथे सहज मिळणार नाही. आंतरविभागीय फेरीत पहिला सामना कठीण जाईल, कारण तोवर गोलरक्षकाचा प्रश्न सुटलेला नसेल. संघ हरला तरी निवड समितीच्या वहीत तुमच्यातील तिघींची नावे जाण्याजोगी आहेत. कोणत्या तिघी, ते सांगत नाही. उद्यापासून बाकीच्यांचा सराव ढिला पडेल. हा सारा अंदाज एका अटीवर आहे. पावसाच्या दिवशी सहा नव्हे, बारा जणी मैदानावर हव्यात.

आणि इथे मी पालकांकडे वळतो, कारण ही अट मुलींच्या हातात पूर्णपणे नाही.

काल संध्याकाळी मैदानाबाहेर एका मुलीचे वडील भेटले. शेतकरी, साक्री तालुक्यातले. अहिराणीत म्हणाले, ‘‘भाऊ, पोर फुटबॉल खेळीसन काय व्हई?’’ प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. ऊन लागून रंग रापतो. गुडघ्यावर व्रण राहतो. उद्या पाहुणे पाहायला आले तर काय सांगायचे? शेवटची एसटी चुकली तर? अर्ध्या चड्डीत खेळते हे भावकीत कळले तर? या प्रश्नांना हसणे सोपे आहे. शहरातली शहाणी माणसे हसतातही. मी हसलो नाही, कारण त्यांतला एसटीचा प्रश्न अगदी खरा आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीचे तिकीट अर्धे झाले, पण अर्ध्या तिकिटाने रात्री साडेआठला गाडी येत नाही. साक्री, शिंदखेडा, शिरपूरहून येणाऱ्या मुलींसाठी सराव सकाळच्या तासांपूर्वी ठेवता येईल का, मुक्कामाची सोय देवपुरातल्या चार घरांत होईल का, हे ठरवायला संस्थेची परवानगीही लागत नाही. माझ्या घरी दोघींची सोय आहे. सौभाग्यवतींना विचारूनच सांगतो आहे.

पोशाखाचे म्हणाल तर चड्डीखाली तिच्याच रंगाची घट्ट लांब विजार नियमात बसते. गुडघ्याच्या व्रणाचे म्हणाल तर माझ्याकडे उत्तर नाही. व्रण राहतो. पण ‘काय व्हई’चे थोडे उत्तर देता येईल. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत २००५ पासून पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत. अटी कडक आहेत, प्रत्येकीला त्यातून नोकरी लागेल असे मी म्हणणार नाही. तसे सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्याच्या एका खेड्यातून अंजू तुरंबेकर निघाल्या आणि प्रशिक्षक म्हणून आशियाई संघटनेचा ‘ए’ परवाना मिळवून राष्ट्रीय महासंघात बालखेळाडूंच्या प्रशिक्षणाच्या प्रमुख झाल्या. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. पुढे त्यात मुलीही आल्या. अशा वाटा आहेत. थोड्या आहेत.

त्या साक्रीच्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो की, पाच मिनिटे थांबा आणि पाहा. ते थांबले. त्यांची मुलगी डाव्या बाजूने चेंडू घेऊन निघाली, दोघींना चुकवून तिने चेंडू आत दिला आणि दुसरीने तो चौकटीवरून उडवला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच मला विचारले, ‘‘ती दुसरी पोर चेंडू वर का मारते?’’ आज ते तिसऱ्या रांगेत बसलेले मला दिसत आहेत. संघाच्या उणिवांची माझी यादी अपुरी असेल तर ती ते पूर्ण करतील.

माझे बोलणे संपले. चहापूर्वी एक काम राहिले आहे. मी वही आणली आहे. सोळाही जणींनी तिच्यात आपले पूर्ण नाव, गाव, खेळण्याची जागा आणि जर्सीचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहावा. अक्षर सुवाच्य असू द्या. पहिल्या सामन्याची बातमी मी स्वतः लिहिणार आहे, आणि यावेळी नावे आधी येतील, निकाल नंतर. ज्या आज आल्या नाहीत त्यांची नावे मैत्रिणींनी लिहू नयेत. त्या उद्या सकाळी पावणेसहाला मैदानावर येऊन लिहितील. मी तिथे आहे.